पिवळी रेघ

अंगठ्याच्या नखाशी पिवळा रंग वाळून बसला होता, आणि तो खरवडता खरवडता फोल्कमारच्या ध्यानात आलं की काल पान्याचा आवाज ऐकल्याचं आपल्याला आठवत नाही. रंग आठवतो. रंगाच्या पेनचं टोपण दातांत धरलेलं आठवतं. पण तो कट्... इतकं आवळलं, आता पुरे, असं सांगणारा तो एवढासा आवाज — तो नाही.

समोर, हौशी चालकांना खुल्या असलेल्या रेस ट्रॅकच्या फाटकाचा दांडा खाली आला होता आणि आनेकेची निळी गाडी झाडांआड गेली होती. वीस किलोमीटरची फेरी. दहा मिनिटं, ती नवखी, म्हणून बारा. तिचा फोन त्याच्याच खिशात होता. ट्रॅकवर गाडीत सुटं काही ठेवायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलेलं.

काल दुपारी तिच्या गॅरेजात दोघांनी मिळून पुढचे ब्रेक बदलले होते. आधी टायर, मग ब्रेक, इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी — गाडीवेड्यांच्या ऑनलाइन मंचावर तो वीस वर्षं हेच लिहीत आला होता, आणि घटस्फोटानंतर चौरेचाळिसाव्या वर्षी हौसेने स्पोर्ट्स कार घेणाऱ्या आनेकेने ते अक्षरशः पाळलं होतं. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारा चिमटा, दोन बोल्टांवर बसतो. बोल्ट आधी हाताने फिरवायचा, मग टॉर्कच्या पान्याने कट् होईपर्यंत आवळायचा, आणि मगच बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरवर रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. फोल्कमारची पिवळी रेघ दिसली की या वाहनतळावर कुणी पुन्हा पाना लावून बघत नाही. उजवं चाक लख्ख आठवतं. डावीकडचा खालचा बोल्ट हाताने बसवला, तेवढ्यात आनेके सफरचंदाचा केक घेऊन आली, "सोड ते, गरम आहे तोवर खा" म्हणाली... मग थेट रेघ. केक आणि रेघ यांच्या मधे काय? मधे मी आवळला. आवळलाच असणार, मी कधी विसरलोय? पण न आवळलेल्या बोल्टावरही रेघ तितकीच सरळ दिसते.

फाटकावरच्या माणसाला सांगितलं तर तो ट्रॅक थांबवेल. फोल्कमार तीन पावलं गेलाही. पण सांगायचं काय? रेघ ओढली, आवळलं की नाही ते माहीत नाही? एवढ्या लोकांसमोर? आणि सगळं ठीक निघालं तर... तो माघारी वळला. एक बाई दोनशेच्या वेगाने उतारावर जाते आहे आणि मी माझं नाव सांभाळतोय, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही पाय पुढे पडत नव्हते.

"काय रे म्हाताऱ्या, भूत बघितलंस का?" तळलेल्या बटाट्यांचा द्रोण घेऊन त्याचा जुना दोस्त हायो शेजारी येऊन उभा राहिला. "तिची काळजी? ब्रेक तूच बसवलेस ना? मग झालं तर!"

मग झालं तर. गेल्या महिन्यात मंचावर एकाच प्रश्नाला त्याने दोनदा उत्तर दिलं होतं, शब्द न् शब्द तेच. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. घरी रोसवीथा मात्र हसली नव्हती. बायकोचं ते न हसणं त्याला आत्ता आठवलं... आठ मिनिटं. आता ती पुढच्या उतारावर असेल, पाय ब्रेकवर. नऊ. अकरा. बारा झाली, तेरा झाली, आणि त्याने मनातल्या मनात आनेकेच्या आईला काय सांगायचं ते जुळवायला घेतलं.

चौदाव्या मिनिटाला निळी गाडी आली. काच खाली करत आनेके ओरडली, "अरे, काय ब्रेक लागतात! मी लगेच दुसरी फेरी मारते."

"थांब. चाक पूर्ण वळव."

"का रे?"

"वळव म्हणतो ना!"

तो गुडघ्यांवर बसला. हायोने गंमत बघायला माणसं गोळा केली — "या, या, फोल्कमार स्वतःचीच रेघ तपासतोय!" कॅलिपर तापलेला होता, मनगट भाजलं. त्याने डाव्या चाकामागून खालच्या बोल्टाला पाना लावला आणि जोर दिला. कट्. बोल्ट तसूभरही हलला नाही. वरचाही.

"घट्ट आहे?" आनेकेने विचारलं.

"घट्ट आहे."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट भीती आता कुठे नीट अंगावर आली. बोल्ट सैल निघाला असता तर एक चूक झाली असती. चूक कुणाचीही होते, ती दुरुस्त करता येते. पण बोल्ट घट्ट होता. म्हणजे काल या हाताने पाना उचलला होता, या कानाने आवाज ऐकला होता, आणि डोक्यात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. तिथे मी होतो आणि नव्हतोही. असं आणखी कुठे कुठे झालं असेल, कुणाकुणाच्या गाडीत...

"मग जाऊ ना?"

जा म्हणायचं होतं. आत्ताच तर कट् झालं. झालं ना? की ते उजव्या चाकाचं, कालचं...? आनेके वाट बघत होती. पाना हातात धरूनच फोल्कमारने मान वर केली.

"हायो," त्याने हळूच विचारलं, "आत्ता आवाज झाला तो तू ऐकलास ना?"

आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघू लागला.