पाव टाकीची पैज

मागच्या सीटचा शेवटचा बोल्ट निघाला, तेव्हा घड्याळजींनी तो सवयीनं एका डोळ्याजवळ नेला, त्यावर फुंकर मारली आणि जपून बशीत ठेवला. मग सीटला दोन्ही हातांनी कवटाळून ते तिला गाडीतून खाली उतरवू लागले.

बाई दारात उभ्या होत्या. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यातून निसटत होतं. त्या शिवण शिकवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. आणि नवऱ्याला घड्याळजी, दुकान बंद करून बरेच दिवस झाले असले तरी.

"अहो, आता इंजिनही काढून टाका," टाचण्या हातात घेत बाई म्हणाल्या. "म्हणजे थेंबभरही लागायचं नाही."

"हस, हस. परत आल्यावर कोण हसतं ते बघू."

"परत आलो तर!"

पैज बाईंनीच लावली होती. गाडी कसली, धूडच होतं ते. हिरवंगार, उंच, गल्लीत वळलं की दोन्हीकडची कुत्री अंग चोरून उभी राहायची. लोकांनी त्याचं नाव हत्ती ठेवलं होतं. बाईंचा हत्तीवर राग नव्हता, त्याच्या पिण्यावर होता. कापड बेतताना त्या कागदाचे नमुने असे सरकवायच्या, की बाहीच्या पोटात खिसा बसावा आणि खिशाच्या कुशीत कॉलर. चिंधी म्हणून खाली काही पडलंच, तर त्यांचा दिवस वाईट जायचा. अशा बाईच्या दारात दोन माणसांसाठी सात माणसांची गाडी! कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी घटाघटा डिझेल ढोसणारी.

"कशाला हवंय एवढं?" त्यांनी शंभरदा विचारून झालं होतं.

"तू शिवणीत बोटभर माया कशाला सोडतेस?"

"पुढे अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून."

"हेही तसंच समज."

"तुमचं अंग कितीही सुटलं, तरी सात सीटांवर नाही हो पसरायचं."

खरं कारण घड्याळजी बोलून दाखवत नसत, पण बाईंना ते ठाऊक होतं. जिन्याखालचं कपाटाएवढं दुकान, डोळ्याला लावलेलं भिंग आणि भिंगाखाली मुंगीच्या पायासारखे काटे. त्यात माणसाचा जन्म गेला. दुकानाचं शटर शेवटचं ओढलं आणि दुसऱ्याच आठवड्यात हत्ती दारात. बाईंना हे सगळं कळत होतं. पण कळणं वेगळं आणि डिझेल वेगळं.

म्हणून ही पैज. टाकीचा काटा पावावर होता. तेवढ्याच डिझेलवर बाईंच्या नणंदेकडे जाऊन परत यायचं. आले, तर बाई गाडीबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. वाटेत अडकले, तर हत्ती विकायचा आणि त्या म्हणतील ती छोटी गाडी घ्यायची.

निघाले. काचा बंद, एसी बंद. पेडलवर घड्याळजींचा पाय असा, जणू खाली अंडं ठेवलंय. एक सायकलवाला शीळ घालत त्यांना मागे टाकून गेला आणि वळून त्यानं हातही हलवला.

"ओळखीचा का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आता होईल. पुढच्या चढावर पुन्हा भेटेल."

घड्याळजी हसले नाहीत. एरवी गाडीत बसला की हा माणूस पोपटासारखा बोलायचा. ते बघ तळं, ती बघ कुणाची गच्ची, त्या कुंपणापलीकडे बघ किती बदकं! बाई "हं, हं" म्हणत मांडीवरच्या कपड्याची तुरपाई करत राहायच्या. बसल्या बसल्या वेळ फुकट का घालवा? आज मात्र घड्याळजी नुसता कान देऊन इंजिन ऐकत होते, घड्याळाची टिकटिक ऐकावी तसं. कानामागून घाम ओघळत होता. बाईंची सुई चालूच होती, पण टाके नेहमीसारखे सरळ पडेनात.

नणंद फाटकातच उभी होती. गाडी दिसताच तिनं टाळ्या वाजवत सूर धरला,

"दादाची माझ्या गाडी, जशी दोन मजली माडी,
वहिनी लावते शिडी, दादा कुरवाळी दाढी!"

"दाढी कुठाय मला?" घड्याळजी खाली उतरत म्हणाले.

"यायला इतका वेळ लावलास, मला वाटलं वाटेत उगवली असेल!"

जेवणं झाली. निघताना नणंद म्हणाली, "वहिनी, आईचं ते शिलाई मशीन माझ्याकडे नुसतं गंज खातंय. मला सुईत दोरा ओवता येत नाही. तुम्ही न्या ना."

शिलाई मशीन लोखंडी पायांचं होतं. ते हलवायचं म्हणजे शेजारच्या दोघांना बोलवावं लागणार होतं. घड्याळजींचा चेहरा पडला. आपल्याच बहिणीला, तेही आईच्या वस्तूला, नको कसं म्हणावं?

एरवी बाई म्हणाल्या असत्या, असू द्या, पुढच्या वेळी बघू. आज त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"बरं झालं, वन्सं. घालाच. आणि ते परसातले भोपळेसुद्धा द्या."

"किती देऊ?"

"आता तुम्ही देताय, तर मी कशाला मोजू?"

नणंद खूश झाली. "दादानं मागची सीट काढून आधीच जागा करून ठेवलीय बघा. शहाणा आहे! छोट्या गाडीत हे मावलं तरी असतं का?"

बाई खाली वाकून भोपळ्यांच्या पोत्याला गाठ मारू लागल्या. गाठ आधीच मारलेली होती.

परतीच्या वाटेवर दोघंही काट्याकडे बघत होती, आणि दोघंही बघत नसल्याचं दाखवत होती. शेवटचा चढ आला. हत्तीनं तो कण्हत, कुंथत चढला, माथ्यावर येऊन दोनदा ठसकला आणि गप्प झाला.

"डबा काढा," बाई म्हणाल्या. डिझेलचा एक भरलेला डबा मागे कायम असायचा.

घड्याळजी समोर बघत राहिले.

"अहो, डबा."

"घरी आहे."

"घरी?"

"वजन कमी व्हावं म्हणून काढून ठेवला."

बाईंना हसू आवरेना. डोळ्यांना पाणी आलं, सुई कुठे पडली तेही कळलं नाही. घड्याळजीही हसले, पण ते हसू लवकर सरलं. ते खाली उतरले. खिशातून रुमाल काढून त्यांनी हत्तीच्या दारावरची धूळ हळूहळू पुसली, एकदा, दोनदा.

"जिंकलीस," ते म्हणाले. "चालायचंच. छोट्या गाडीलाही खिडकी असतेच म्हणा."

बाईंनी मागे पाहिलं. लोखंडी पाय, गोणीभर भोपळे.

उताराच्या तळाशी पेट्रोल पंप दिसत होता. "मी मागून ढकलतो," घड्याळजी म्हणाले, "तू स्टिअरिंग धर. किल्ली फिरवलेलीच राहू दे. ब्रेक कडक लागेल, अंगाचा जोर दे."

गाडी चालवणं बाईंना नवं नव्हतं, हत्तीचं स्टिअरिंग मात्र त्यांनी कधी धरलं नव्हतं. शिवण बाजूला ठेवून त्या ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. हत्ती तसूभर हलला, मग हातभर, आणि मग आपल्याच वजनानं उताराला लागला. इंजिनाचा आवाज नाही, नुसता वारा. बाईंनी काच खाली केली. हातात सुई नव्हती, मांडीवर कापड नव्हतं, म्हणून त्यांना समोर बघावंच लागलं. कुंपणापलीकडे तळं होतं. तळ्यात ढग होते. एका गच्चीवर कुणीतरी म्हातारा ऊन खात पालथा झोपला होता. आणि बदकं, खरंच किती बदकं!

मागून हाका येत होत्या. "अगं, ब्रेक! ब्रेक!"

बाईंनी ब्रेक दाबला, पण लगेच नाही. झोका वर गेला की लहान मुलीच्या तोंडून निघतो, तसला एक आवाज त्यांच्या तोंडून निघाला, आणि त्यांनी तो निघू दिला. पंपापाशी आल्यावर दोन्ही पाय देऊन त्यांनी ब्रेक दाबला. मशीन धडाडलं, भोपळ्यांचं पोतं लवंडलं, हत्ती नळीशेजारी बरोबर उभा राहिला.

"एवढ्या सामानाला गाडी मात्र बरोबर घेतलीत, मावशी," पंपावरचा माणूस आत डोकावत म्हणाला. "किती भरू?"

घरी पोचण्यापुरतं थोडंसं पुरलं असतं. बाईंनी आरशात पाहिलं. उतारावरून घड्याळजी पळत येत होते, चपला हातात, शर्ट बाहेर, एवढेसे.

"पूर्ण भर," त्या म्हणाल्या.

घड्याळजी पोचले. धापा टाकत त्यांनी पंपाकडे पाहिलं, आकडे अजून पळतच होते. मग बायकोकडे पाहिलं. सवयीनं ते ड्रायव्हरच्या दाराशी आले आणि त्यांनी कडीला हात घातला.

"तिकडून बसा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आरसा आपल्या उंचीला बेतून घेतला.