बॉनेटवरची वाकळ

मी एक जुनी शाळेची बस आहे, हे आता मला तोंडानं सांगावं लागतं. पूर्वी पिवळ्या रंगावरून लांबूनच कळायचं. आता तो रंग शिळ्या वरणासारखा झाला आहे. पाठीवरच्या 'शाळेची बस' या अक्षरांतला 'शा' उन्हानं खाल्ला. राहिली ती नुसती 'ळेची बस'.

मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. गोड गोष्टी सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, म्हणून ही एकदा ऐकून घ्या.

मी नवी होते तेव्हा नांदेडच्या एका मालकानं मला घेतलं. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. अर्धापूरकडच्या गावांतली मुलं सकाळी शाळेत आणायची आणि संध्याकाळी घरी पोचवायची, एवढंच माझं काम. दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि मधून मी. मुलं अर्ध्या झोपेत चढायची. कुणाच्या वेणीची एकच बाजू घातलेली असे, कुणाच्या गालाला दूध वाळलेलं असे. त्यांच्या आयांनी दारात उभं राहून हलवलेले हात मी आरशात बघत असे.

माझा ड्रायव्हर पिराजी. माझं बॉनेट आतल्या बाजूला, त्याच्या सीटच्या शेजारीच होतं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो त्यावर उलटा हात ठेवायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणायचा, "काय बाई, बरी हायेस ना?" मग पाणी बघायचा, ऑइल बघायचा, आणि तेव्हाच किल्ली फिरवायचा.

थंडीत बारकी मुलं त्या बॉनेटवर बसायला भांडायची, कारण तिथं ऊब असे. पत्रा पोळू नये म्हणून पिराजीच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून दिली. तिच्यावर किती जणांनी डुलक्या काढल्या आणि किती जणांनी सकाळचं दूध ओकलं, त्याला गणती नाही. चांगुणाबाई ती दर रविवारी धुऊन द्यायची. कधी कुरकुरली नाही.

मग एकदा पिराजीला माझ्या पोटातून आवाज ऐकू आला. बारीकच होता. त्यानं मालकाला सांगितलं, इंजिन एकदा उघडून बघू. मालक हसले. म्हणाले, "पिराजी, बायकोचे सोडून गाडीचे लाड करायलास का? चालायलीय तवर चालू दे." पिराजीनं पुन्हा सांगितलं, आणि मग पुन्हा. शेवटी मालकाला वाटलं की आवाज गाडी करत नाही, पिराजी करतो. त्यांनी त्यालाच काढून टाकलं. जाण्याआधी एक काम मात्र त्यानं भांडून करून घेतलं. माझे ब्रेक नवे केले. वाकळ तशीच ठेवून गेला.

त्यानंतर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. नवा ड्रायव्हर यायचा, किल्ली फिरवायचा, निघायचा. एका दुपारी मुलांना घेऊन जाताना माझं पाणी संपलं. काटा लाल रेघेवर गेला. ड्रायव्हरनं फोन केला, तर मालक म्हणाले, आणा तशीच हळूहळू. मी मुलांना घरी पोचवलं, मित्रांनो. एकालाही रस्त्यावर उतरवलं नाही. पण त्या दिवशी माझ्या आत जे जळलं ते जळलंच. मी ऑइल खाऊ लागले, निळा धूर सोडू लागले. मुलं नाक धरून हसायची. पालकांनी तक्रार केली. मालकांनी नवी बस आणली, तिला हार घातला, आणि मला विष्णुपुरीच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली विकायला उभं केलं.

बघायला बरेच आले आणि धूर बघून गेले. मग उदगीरकडून एक जोडपं यायचं ठरलं, महांतेश आणि जगदेवी. महांतेश जीप चालवायचा. त्यांच्या वस्तीवर शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, त्यामुळे आठवीनंतर मुली घरी बसत होत्या. जगदेवी स्वतःही तशीच घरी बसली होती. तिनं घरोघर फिरून आयांना तयार केलं होतं की गाडी आम्ही चालवू, मुली तुम्ही पाठवा.

त्या सकाळी मालकांनी मला ते यायच्या आधीच सुरू करून ठेवलं. धूर निघून गेल्यावर बंद केलं. गरम इंजिन पटकन सुरू होतं, फारसं धुरकटत नाही, दुखणं गिळून बसतं. ऊब हाताला कळू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यातली वाकळ झटकली आणि चौघडी करून बॉनेटवर टाकली. मुलांना पोळू नये म्हणून आलेली ती वाकळ आता माझा ताप झाकायला कामी आली.

खरं सांगते, मला ते वाईट वाटलं नाही. मला पुन्हा मुलं हवी होती.

ते आले. मालक म्हणाले, आठ दिवसांपासून एका जागी उभी आहे, तरी बघा कशी सुरू होते. आणि मी झाले सुरू, एका झटक्यात. महांतेशचा चेहरा खुलला. त्यांची चिमुकली लेक सुकन्या मागं जाऊन खिडकीची जागा धरून आली, मग धावत पुढं येऊन वाकळीवर बसली. किती दिवसांनी माझ्या अंगावर लेकराचं वजन पडलं. महांतेशनं गाडी बंद केली आणि किमतीचं बोलणं सुरू केलं.

"अव्वा," सुकन्या आईला म्हणाली, "हितं ऊन ऊन लागायलंय."

जगदेवीनं तिला उचलून कडेवर घेतलं, वाकळ बाजूला केली आणि पत्र्यावर उलटा हात ठेवला. पिराजीनंतर पहिल्यांदाच कुणी तसा ठेवला. मला वाटलं, आता ती विचारेल, बरी हायेस ना?

तिनं मालकांना विचारलं, "आठ दिवस उभी हाय म्हनलात ना?"

मालक म्हणाले, आताच सुरू केली की. ती म्हणाली, एवढ्यात एवढी तापत नसते. मालक म्हणाले, ऊन आहे. तिनं नुसतं वर लिंबाकडं बघितलं. महांतेश म्हणाला, काही घाई नाही, निवू द्या, आम्ही बसतो. ते सावलीत भाकरीचं गठुडं सोडून बसले. मालकांनी चहा मागवला, पावसापाण्याच्या गप्पा काढल्या. मी हळूहळू गार होत गेले.

मग महांतेशनं किल्ली फिरवली. मी खोकले, थांबले, पुन्हा खोकले. निळ्या धुरात लिंब दिसेनासा झाला. मालक म्हणाले, जुन्या गाडीला एवढं असतंयच, इंजिनचं थोडं काम आहे.

"कामाला आमची ना न्हाई, मालक," जगदेवी म्हणाली. आवाज चढवला नाही. "काम हाय म्हनला असतात तर करून घेतलं असतं, न् आजच नेली असती. पण तुमी झाकलात. आता ब्रेकचं काय झाकलात, मला काय ठावं? हिच्यात लोकाच्या लेकी बसवायच्या हायेत."

मालक म्हणाले, ब्रेक नवे आहेत, देवाशपथ. त्या दिवसातलं ते त्यांचं एकमेव खरं बोलणं होतं. कुणी ऐकलं नाही.

ते बसस्टॉपकडं चालत गेले. सुकन्या वळून वळून बघत होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत तिकडच्या मुली घरीच बसल्या असतील.

मित्रांनो, दुखतंय म्हणून सांगणाऱ्याला गप्प करू नका. करकरणारी सायकल असो, कण्हणारी आजी असो, की तुमच्या गाडीचा ड्रायव्हर असो. आणि आपलं दुखणं वाकळीखाली घालू नका. दुखण्याला औषध असतं. झाकलेलं उघडं पडलं की मग चांगल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

काल भंगारवाला आला. त्यानं इंजिनबद्दल एक शब्द विचारला नाही. भंगाराला आजार नसतो, नुसतं वजन असतं. वाकळीला हात पुसून त्यानं ती खाली टाकली, मला माणसं लावून ढकलून सुरू केलं आणि धूर सोडत घेऊन निघाला. उतारावर एक शेळीचं पिल्लू आडवं आलं. त्यानं पाय दाबला. मी जागच्या जागी थांबले. पिल्लू उड्या मारत निघून गेलं.

"च्यायला," तो स्वतःशीच म्हणाला, "ब्रेक तर नव्यावानी हायेत हिचे."