बिब्याच्या चुंगडीतले रिठे

नाक मुरडू नका मित्रांनो, मी कुरखेड्याच्या एका घरातला जुना पोछा आहे. बाबूभाईंच्या दुकानात टांगलेला होतो तेव्हा कसा पांढराशुभ्र होतो म्हणून सांगू! मनकर्णाबाईंनी मला घरी आणलं आणि सुनेला, दिव्यानीला बजावलं, "ओला कोपऱ्यात ठेवशीन तर कुजते हा. मंग घरभर वास मारते."

त्या मला रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवत, लिंबाची फोड चोळत आणि कडक उन्हात वाळवत. फरशी अगदी चकाचक व्हायची. दिव्यानीची तान्ही मयुरी त्या फरशीवर रांगायची, तेव्हा माझी काय ऐट असायची!

मध्यंतरी रिठे संपले. मनकर्णाबाईंनी जंगलातून नवे वेचून आणले, पण भरले ते बिब्याच्या रिकाम्या चुंगडीत, म्हणजे गोणीत. बिब्याचं तेल लागलं की अंग उततं, फोड येतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण चुंगडी वरून कोरडी दिसत होती. त्यांनी तेच रिठे उकळले, मला त्यात बुडवलं, हातांनी पिळलं आणि घरभर फिरवलं.

दोन दिवसांत मयुरीचे तळवे आणि गुडघे फोडांनी भरले. लेकरू रडून रडून बेजार झालं. डॉक्टरांनी विचारलं, "बिबा लागला का हिला?" दिव्यानीला ती चुंगडी आठवली. घरात पाय टाकताच ती कडाडली, "आई, माह्या पोरीले आता हात लावू नोका!"

मनकर्णाबाईंनी आपले हात पदराखाली ओढून घेतले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिव्यानीनं मला उचललं आणि चुलीकडे नेलं. "जाळू नोको बाई! बिब्याचा धूर बी उतते!" म्हणत मनकर्णाबाई धावल्या. पदराखाली झाकलेले हात बाहेर आले. बोटं सुजलेली, कातडी सोललेली.

"अगं बाई! हे कवापासून?"

"पोरीच्या आधीपासून. वाटलं, चुलीचा चटका असन. कायले सांगत बसू?"

"सांगतलं असतं तर मयुरीले हे भोगावं लागलं नसतं ना, आई!" दिव्यानी ढसाढसा रडली. रडता रडताच तिनं मयुरीचं मलम उघडलं आणि सासूचे हात आपल्या मांडीवर घेतले.

परसात माझ्यासाठी खड्डा खणून झाला आहे. मित्रांनो, पोछा रिठ्यानं धुवा, लिंबानं चोळा, उन्हात वाळवा. पण रिठे कशात भरले होते ते आधी बघा. आणि घरात कुणी हात झाकून वावरत असेल, तर जवळ जाऊन विचारा. ते सोललेले हात सगळ्यांत आधी मला कळले होते. पण पोछ्याला कुठलं आलं तोंड? तुम्हाला आहे.