पांढरी पेटी

फर्मिन सुताराच्या शवपेट्या गावात नावाजलेल्या. "आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. पण आज लेक यारेलीचा पंधरावा वाढदिवस. साटिनच्या उंच टाचांच्या चपला हातात घेऊन तो हॉलच्या दाराशी उभा होता. तिकडची रीतच ती: पंधराव्या वाढदिवसाला बापानं सगळ्यांदेखत पोरीच्या पायातल्या सपाट चपला काढून उंच टाचांच्या चढवल्या, की पोर मोठी झाली म्हणायची.

यारेलीला त्याचं काहीच कौतुक नव्हतं. सकाळीच ती म्हणाली होती, "ते सगळ्यांचेच बाप करतात, पप्पा. मारिबेल तिच्या पंधराव्याला घोड्यावरून आली, तिची बहीण क्रेनवरून उतरली. मी कशी आले हे लोकांनी म्हातारपणी नातवंडांना सांगायला हवं!"

"चालत ये. हल्ली तेही कुणी करत नाही," फर्मिन म्हणाला होता.

हॉलमधले दिवे मालवले. पुएब्ला शहरातून बोलावलेल्या बँडनं संथ सूर धरला आणि चार सुटाबुटातली पोरं पांढरी शवपेटी खांद्यावर घेऊन आत आली. फर्मिननं ती लगेच ओळखली. पेटी त्याच्याच दुकानातली होती. बायको ओफेलियानं छातीवर क्रूसाची खूण केली. पाहुण्यांनी मात्र टाळ्या पिटल्या आणि फोन वर केले.

पेटी खाली ठेवली. झाकण उघडेना. आतून धडाधड ठोके ऐकू आले, तशी लोकं आणखी हसली.

"काय नाटकी आहे गं बाई पोरगी!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बेतो, झाकण पुरतं लावलंस की काय रे?" फर्मिन ओरडला.

पुढून खांदा दिलेल्या बेतोचा चेहरा पांढराफटक पडला. "ती फट ठेव म्हणाली होती, काका. पण बरं दिसेना, म्हणून मी दाबलं."

त्या झाकणाला फर्मिननंच खटका बसवला होता. एकदा बसला की किल्लीशिवाय निघत नाही, आणि किल्ली दुकानात खिळ्याला. आतून उघडायची सोय करतो कोण? त्यानं केकची सुरी उचलून फटीत घातली आणि जीव खाऊन दाबली. पातं मोडलं, बोटं कापली. आतले ठोके मंदावले. टाळ्या चालूच होत्या. मेल्यांनो, माझी पोर आहे ती आत! उरलेल्या तुकड्यानं त्यानं बिजागरीच उचकटली.

यारेली उठून बसली. केस कपाळाला चिकटलेले, नखं तुटलेली. तोंड वासून तिनं श्वास घेतला. मग समोरचे फोन दिसले, तशी ती हसली आणि तिनं हात वर केला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

"पुन्हा एकदा! माझं रेकॉर्डच झालं नाही!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

कुणीतरी यारेलीला खुर्चीत बसवलं, फर्मिनच्या हातात उंच टाचांच्या चपला कोंबल्या. तो गुडघ्यावर बसला आणि रक्ताळलेल्या बोटांनी त्यानं तिचा पाय धरला. वर ती फोनांकडे बघून हसतच होती. पाय मात्र लटलट कापत होता.

"पप्पा," हसू न मोडता ती पुटपुटली, "सपाटच राहू द्या. आणि पाय सोडू नका."