एक जूनचं विमान

सुनंदाबाईंना विमानातून गोव्याला जायचं होतं. वसईजवळ बोळिंजला घराच्या गच्चीवर पापड वाळत घालताना वरून जाणारं प्रत्येक विमान त्या मान मोडेपर्यंत बघत. गोव्याच्या समुद्राचं त्यांना फारसं काही नव्हतं, समुद्र वसईतही होता. त्यांना ढग वरून बघायचे होते.

त्यांचे यजमान, निवृत्त शिक्षक प्रल्हादसर, वर्षभर स्वस्त तिकीट शोधत होते. तुळिंजच्या नाक्यावर मर्विनचं तिकिटांचं दुकान होतं. मर्विन सरांचाच विद्यार्थी. सर सकाळी विचारत तेव्हा एक भाव असे, घरी विचारून दुपारी परत जात तेव्हा दुसराच.

"सर, विमानाचं भाडं कोळंबीसारखं असतं," मर्विन म्हणायचा. "तुम्ही घासाघीस करेपर्यंत टोपली दुसराच उचलतो."

खूप हिशेब करून एवढंच कळलं होतं की पेन्शनीत एक माणूस जाऊ शकतो. आणि सुनंदाबाई एकट्या जाणार नव्हत्या.

मग दोन हजार सहाच्या मे महिन्यात जाहिरात आली. गगनदूत नावाच्या नव्या विमान कंपनीने म्हटलं होतं, मुंबईहून गोव्याला आपल्या वाढदिवशी जा, तिकीट एक रुपया.

सुनंदाबाईंनी कात्रण सरांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. ते सापडल्यावर सरांचा चेहरा उतरला.

"अगं, पण माझा वाढदिवस एक जून नाहीच. आई सांगायची, नागपंचमीला झालो म्हणून. हेडमास्तरांनी शाळेत घालताना एक जून ठोकून दिला."

"मग?"

"मग म्हणजे ही फसवणूक झाली."

सुनंदाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "अहो, याच तारखेवर एकतीस मेला तुम्हाला घरी बसवलं ना? हार घातला, नारळ दिला. तेव्हा नाही म्हणालात, थांबा, माझी अजून नागपंचमी यायची आहे म्हणून!"

सरांना उत्तर सुचलं नाही. त्यांना ते सहसा दोन दिवसांनी सुचत असे, आणि या वेळी दोन दिवसांनीही सुचलं नाही.

मर्विनने त्यांचं ओळखपत्र पाहिलं आणि तो हसतच सुटला. "सर, तुम्हीपण? हे बघा." त्याने एक रुपयाच्या तिकिटांची यादी पुढे केली. बेचाळीस नावं होती. सगळी जवळपासच्या गावांतली, सगळ्यांची तारीख एक जून.

सरांनी चष्मा पुसला. यादीतली बरीच नावं त्यांच्याच हाताखालून गेली होती. चौतीस वर्षं शाळेत नावं घालताना आईबाप म्हणत, "भातलावणीच्या टायमाला झाला, गुरुजी," आणि सर लिहीत, एक जून.

"माझंपण तुम्हीच लिहिलंत," मर्विन म्हणाला. "चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत चोवीस डिसेंबर आहे. मम्मी तेव्हा नाताळच्या करंज्या सोडून हॉस्पिटलात गेलेली. अजून विचारते, त्या मास्तरांना कुणी सांगितलं जूनमध्ये झाला म्हणून?"

"माफ कर रे," सर पुटपुटले.

"माफ कशाला? मीपण येतोय ना एका रुपयात!"

सरांचं तिकीट एक रुपयाचं निघालं, सुनंदाबाईंचं पूर्ण भावाचं. त्यांचे वडील तलाठी होते, त्यामुळे दुर्दैवाने त्यांची जन्मतारीख खरी होती.

एक जूनला विमानतळावर जत्रा भरली. फुलांच्या वाडीवरून तसाच आलेला पास्कल भेटेल त्याला "हॅपी बर्थडे" म्हणत होता, आणि समोरचा "तुलापण" म्हणत होता. भातशेती करणारा धर्मा नवा सदरा घालून सरांच्या पाया पडला.

"सर, इमानात पानी देतात ना? पहिल्यांदाच इमानात बसतोय."

धर्माच्या तोंडी विमानाचं इमान झालेलं ऐकून सरांनी आपलं ओळखपत्र खिशात आणखी खोल सारलं. त्यांचं स्वतःचं इमान सकाळपासून दुखत होतं.

खिडकीवरच्या मुलीने तिसाव्या ओळखपत्राला साहेबांना बोलावलं. टाय लावलेले साहेब आले, ओळखपत्रं चाळू लागले आणि लाल होत गेले.

"एका तालुक्यातली त्रेचाळीस माणसं एकाच दिवशी जन्मली? सगळी ओळखपत्रं बनावट आहेत. तिकिटं रद्द!"

एकच गलका झाला. धर्मा पुढे झाला. "सायब, आमच्या सरांना विचारा. सर कधी खोटं बोलत नाय."

सगळे सरांकडे वळले. सुनंदाबाईंचं कोपर त्यांच्या बरगडीत रुतायला हवं होतं, पण त्या काचेपलीकडच्या विमानाकडे बघत होत्या. गच्चीवरून बघत तशाच, मान उंच करून.

"ओळखपत्रं खरी आहेत," सर म्हणाले. "तारखा मी लिहिल्यात. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून."

"म्हणजे ही माणसं आज जन्मलीच नाहीत?"

"साहेब, जन्म त्यांच्या आयांना विचारा. तारीख मला विचारा." सरांना स्वतःचंच नवल वाटलं. उत्तर नेहमीपेक्षा दोन दिवस आधी सुचलं होतं. "याच तारखेवर यांना नोकऱ्या लागल्या. याच तारखेवर मला निवृत्त केलं. ती खोटी असेल तर माझे नागपंचमीपर्यंतचे दोन महिने राहिलेत. मला शाळेत परत पाठवा, मी जातो."

साहेबांनी नियमांचा कागद मागवला. बोट ठेवून दोनदा वाचला. "'ओळखपत्रावरील जन्मतारीख,'" ते हळूच म्हणाले. "जन्माबद्दल यात काहीच नाही." मग ते ज्या दारातून आले होते त्याच दारातून निघून गेले.

विमानात सगळे बसल्यावर हवाईसुंदरी छोटा केक घेऊन आली. आज कुणाचा वाढदिवस आहे, असं तिने गोड आवाजात विचारलं. एकदम त्रेचाळीस हात वर झाले. ती दचकून एक पाऊल मागे सरकली. त्या रांगांत एकच हात खाली होता, खिडकीशी.

"आणि तुमचा, आजी?"

"मी आज जन्मले नाही," सुनंदाबाई ओशाळून म्हणाल्या.

मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने केक त्यांच्याच मांडीवर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, पण डोळे बाहेरच होते.

विमान धावू लागलं. सरांनी डोळे घट्ट मिटले. चाकं जमिनीवरून उचलली आणि मागच्या रांगेतून धर्मा ओरडला, "सर, इमान सुटलं!"

"सुटू दे," सर म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडून बायकोच्या खांद्यावरून खाली राहिलेले ढग बघितले.