हाकेला दोन उत्तरं

टेलिफोनबाईंची धाकटी लेक वाचनालयात कॉम्प्युटरची खोली उभी करतेय, ही बातमी गल्लीभर करायला दुसऱ्या कुणाची गरजच पडली नाही. ते काम बाईंनी स्वतः हौसेने केलं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारांशी झुंजण्यात गेली होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी लोक त्यांना त्याच नावाने ओळखत.

कॉम्प्युटर एका कंपनीने जुने झाले म्हणून देऊन टाकलेले. देताना आपली माहिती बाहेर जायला नको म्हणून त्यांनी सगळ्यांच्या डिस्क काढून घेतल्या होत्या. वाचनालयाचे खजिनदार म्हणाले होते, डोकी काढून घेतलेली धडं आणून मांडायची कशाला, सरळ भंगारात घाला. धाकटीने मात्र शांतपणे समजावलं, की यांना स्वतःची डिस्क लागतच नाही. कोपऱ्यात एक धडधाकट कॉम्प्युटर ठेवू, तो सर्व्हर. बाकीचे चालू झाले की जे लागेल ते तारेतून त्याच्याकडून मागून घेतील. मग नोकरी सांभाळून तिने संध्याकाळच्या संध्याकाळ तिथे घातल्या, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळे पडदे एकदम उजळलेले बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

उद्घाटनाच्या सकाळी मात्र घोडं अडलं. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पाहुणे यायला लागले होते, आणि धाकटीने बटणं दाबली तर काही कॉम्प्युटर नीट सुरू झाले, काही काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहून ढिम्म बसले. बंद करून पुन्हा चालू केले, तर मघाशी चाललेला अडला आणि अडलेला चालला. खजिनदार मागे हात बांधून उभे होते. 'भंगारात घाला' हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बाईंचे हात शिवशिवले. असं कधी चालतं, कधी नाही, म्हणजे तार ढिली. अख्ख्या नोकरीत हेच पाहिलेलं. त्या उठल्याच आणि टेबलांमागे वाकून एकेक पिन दाबून बघू लागल्या.

"आई, तार चांगली आहे," धाकटी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "याला पत्ता मिळालाय बघ. पत्ता मिळाला म्हणजे तारेतून कुणीतरी बोललं. पण हा पत्ता माझ्या सर्व्हरने दिलेलाच नाही."

बाई जवळ सरकल्या. ओळीतले आकडे धाकटीने बोट ठेवून दाखवले. तिच्या सर्व्हरने वाटलेले पत्ते एका आकड्याने सुरू व्हायचे, हा भलत्याच आकड्याने सुरू झाला होता. हलक्या आवाजात तिने आईला सांगितलं, की कॉम्प्युटर जागा झाला की तारेवर हाक मारतो: माझा पत्ता काय आणि सुरू व्हायची फाइल कुणाकडे? सर्व्हर दोन्ही सांगतो. आज मात्र त्याच्याआधी दुसरंच कुणीतरी ओ देतंय. ते पत्ता देऊन मोकळं होतं, फाइलचं त्याला ठाऊकच नाही. ज्याला सर्व्हरचं उत्तर आधी मिळतं तो चालतो, बाकीचे फसतात.

बाई पदर सावरून खुर्चीत बसल्या. आता पुढचं बघायचं, तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

धाकटी भिंतीवरच्या पेटीकडे गेली. वाचनालयातल्या सगळ्या तारा तिथे एकत्र येत होत्या. सर्व्हरची आणि एका कॉम्प्युटरची तार तिने तशीच ठेवली आणि उरलेल्यांपैकी निम्म्या एका दमात उपटल्या. खजिनदार दचकले. बाई मात्र ताठ झाल्या. निम्मं तोडा, दोष कुठल्या बाजूला राहिला ते बघा, त्या बाजूचं पुन्हा निम्मं करा. एक्स्चेंजमध्ये त्या नेमकं हेच करायच्या, आणि पोरीला हे त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटर अजून अडतच होता, म्हणजे दोष उरलेल्या तारांत. तिने पुन्हा निम्म्या काढल्या. असं करता करता संशयाची एकच तार उरली. ती काढली आणि कॉम्प्युटर बिनबोभाट सुरू झाला. पुन्हा चालू करून पाहिला, पुन्हा सुरू.

तार ग्रंथपालांच्या खोलीत जात होती. धाकटी आत गेली, मागोमाग बाईही. खिडकीच्या पडद्याआड एक नवी कोरी वाय-फायची पेटी लुकलुकत होती. पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून ग्रंथपालांनी सकाळीच हौसेने आणून जोडली होती. काय झालं ते कळल्यावर बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. मी सगळ्यांना सांगतो, चूक माझी आहे, असं ते म्हणू लागले.

"काही सांगू नका, सर. पेटी चांगली आहे, फक्त पत्ते वाटायचं काम तिच्याकडून काढून घेते. मग दोन्ही चालतील."

तिने लॅपटॉपवर तेवढं बदललं, तारा परत जोडल्या आणि बाहेर येऊन लोकांना एवढंच म्हणाली, की छोटीशी अडचण होती, निघाली. मग ओळीने बटणं दाबत गेली. एकामागून एक पडदे उजळले. कुणीतरी टाळी वाजवली, तिला सगळ्यांनी साथ दिली. धाकटीने स्वतःच्या समाधानासाठी सगळे कॉम्प्युटर पुन्हा एकदा बंद करून चालू केले. एकही अडला नाही.

खजिनदार बाईंच्या शेजारी येऊन बसले. माणूस दिलदार होता. भंगाराचं आपण बोललो होतो ते मागे घेतो, म्हणाले. मग हसून विचारलं, "हे सगळं तुमच्याच हाताखाली शिकली असणार?"

हो म्हणणं किती सोपं होतं. गल्लीत तर त्यांनी जवळजवळ तसंच सांगितलं होतं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मी तारेलाच दोष देत बसले होते. माझ्या हातात असतं, तर अजून टेबलाखाली पिना दाबत असते. हे तिचं तिनं कमावलंय."

बोलताना त्यांचा आवाज जरा चढलाच असावा, कारण पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. बाईंनी तो खाली आणला नाही. धाकटी एका आजोबांना माउस कसा धरायचा ते दाखवत होती. तिने आईकडे बघून भुवया उंचावल्या, पुरे आता अशा अर्थाने. बाईंनी मान डोलावली आणि खजिनदारांना त्या दुसऱ्या उत्तराची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ग्रंथपालांचं नाव मात्र घेतलं नाही.