थॉर्नवेलचा सातवा सामना

१८९४ च्या हंगामात थॉर्नवेल कॉलेजचा फुटबॉल संघ सहा सामने खेळला आणि सहाही जिंकला. हा अमेरिकेतला फुटबॉल, चेंडू हातात घेऊन समोरच्यांना रेटत पुढे जायचा. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतलं तीनशे मुलांचं कॉलेज ते. वर्षापूर्वी त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आता उरला होता फक्त ऑस्टर्मन कॉलेजशी सामना.

कर्णधार होता ओरिन प्रूएट. संघाला प्रशिक्षक नव्हता. कुणी खेळायचं, कुणी बसायचं, हे ओरिनच ठरवी. पण जिंकून देणारा गडी होता लेम काउफमन. चेंडू काखेत मारून, मान खाली घालून तो घुसला की समोरची फळी फुटायचीच. डोकं वाचवायला पोरं उन्हाळ्यापासून केस वाढवत, त्यापलीकडे संरक्षण म्हणून काही नव्हतं. सहाव्या सामन्यात कुणाचा तरी गुडघा लेमच्या कानशिलावर बसला. तो उठला, हसला आणि खेळत राहिला.

दोघं एकाच खोलीत राहत. त्यानंतरचे दहा दिवस लेम दिव्याकडे पाठ करून बसायचा. ताटातलं तसंच टाकायचा. पुढचा डाव कुठला ते सांगणारे, दोन वर्षं पाठ असलेले खुणेचे आकडे सरावात विसरायचा. ओरिनने विचारलं, तर झोप झाली नाही म्हणाला. डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा दोन दिवस अबोला धरला. ओरिननेही विषय वाढवला नाही. खरं तर त्याला तो वाढवायचाच नव्हता. लेमशिवाय ऑस्टर्मन हरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी मैदान गोठून दगड झालं होतं. लेमचे वडील, म्हातारे याकोब, तीस मैल घोडागाडी हाकत मुलाचा खेळ पहिल्यांदाच बघायला आले होते. ते मैदानाभोवतीच्या दोरीपाशी गर्दीत उभे होते.

थॉर्नवेलने सुरुवातीलाच चार गुण घेतले. मग ऑस्टर्मनने रेटा लावला. दहा मिनिटं उरली असताना चेंडू थॉर्नवेलकडे आला. ओरिनने आकडे पुकारले. लेम जागचा हलला नाही. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "ओरिन, आपण कुठल्या बाजूला जातोय?"

 ओरिनने लेमची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्या डोळ्यातलीच्या दुप्पट झाली होती.

"बाहेर जा, लेम."

"डोकं फिरलंय तुझं? दहा मिनिटं राहिलीत."

एकदा बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे. बाकीचे गडी भोवती जमले. एवढी दहा मिनिटं काढू दे त्याला, म्हणून गयावया करू लागले. ओरिनने हात वर करून पंचांना सांगितलं. लेमने त्याच्या छातीत गुद्दा मारला आणि शिव्या देतच तो गेला. आपल्याच कॉलेजची पोरं ओरिनची हुर्यो उडवत होती.

लेमच्या जागेतूनच ऑस्टर्मनवाले घुसले. थॉर्नवेलच्या हातून सामना सहा-चार असा गेला.

ओरिन गाडीपाशी गेला तेव्हा लेम पेंढ्यावर डोळे मिटून पडला होता. ओरिन माफी मागू लागला, तसं याकोबनी त्याला हातानेच थांबवलं.

"सकाळी यानं मला पीटर म्हणून हाक मारली," ते म्हणाले. "पीटर म्हणजे याचा थोरला भाऊ. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. मला वाटलं, आज अडवलं तर पोरगं जन्मभर तोंड बघणार नाही माझं. म्हणून गप्प बसलो."

"मीही गप्पच होतो. दहा दिवस."

म्हाताऱ्याने लेमच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि गाडी हाकली.

लेम फेब्रुवारीपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून होता. कॉलेजात तो परतलाच नाही. संघाने दुसरा कर्णधार निवडला, आणि जेवणाच्या टेबलावर ओरिनच्या शेजारची खुर्ची वसंतापर्यंत रिकामी राहिली.

मे महिन्यात वेड्यावाकड्या अक्षरातलं एक पत्र आलं. अर्धं शेत नांगरून झालंय, लेमने लिहिलं होतं. अजून एका घोड्याचे दोन दिसतात. तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही. पण ये.

ओरिन त्याच शनिवारी निघाला.